पाचवी सही

चंद्रशेखर खांबेट्यांचं स्टॉपवॉच सिंगापुरातल्या सेम्बावांगच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये देवघराच्या खालच्या खणात, फुलवातींच्या डब्याशेजारी असायचं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी ते चालू होतं, कारण रोज सकाळी पूजा झाली की खांबेटे त्याला किल्ली द्यायचे. देवाला नमस्कार आणि घड्याळाला किल्ली, या क्रमात कधी बदल झाला नाही. त्यांच्या पत्नी मेधाताई म्हणायच्या की यांचा खरा देव खालच्या खणात आहे.

तुआसच्या एका कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं एकच काम केलं. माणूस काम करत असताना त्याच्या शेजारी उभं राहायचं, तो किती वेळा वाकतो, किती पावलं चालतो, कुठे उगाच खोळंबतो ते लिहून घ्यायचं, आणि यातलं काय काय कमी करता येईल ते वरच्या साहेबांना सांगायचं. याला वर्क-स्टडी म्हणतात. कामगार याला काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. पिंपरीच्या कारखान्यात हे शिकून ते सिंगापूरला आले तेव्हा त्यांची मुलगी अश्लेषा दोन वर्षांची होती. सोबत दोन बॅगा होत्या आणि हे घड्याळ.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं सगळं ऐकून तुम्ही त्यांना दगड समजाल. ज्या कामाशेजारी आपण तीन दिवस उभे राहिलो नाही, ते काम त्यांनी कधी कापलं नाही. रंगाच्या गोदामात एक म्हातारा होता. तो फक्त डबे मोजतो, त्याची काही गरज नाही, असं सगळ्यांचं मत होतं. खांबेटे तीन दिवस त्याच्या शेजारी उभे राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस डबा मोजता मोजता झाकणावर अंगठा दाबून बघतो आणि आतून फुगलेला डबा गुपचूप बाहेर उन्हापासून दूर नेऊन ठेवतो. हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं आणि कुठल्या कागदावरही नव्हतं. म्हाताऱ्याची नोकरी राहिली. ही गोष्ट खांबेटे घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगत, आणि अश्लेषाला ती इतकी पाठ होती की लहानपणी ती शेजारी बसून ओठ हलवत बरोबर म्हणायची.

नागरिकत्व मिळालं त्या वर्षी बाकीच्यांनी पार्टी दिली, खांबेट्यांनी सरकारला पहिली सूचना पाठवली. दवाखान्यात एका खेपेला तीनदा आयसी, म्हणजे ओळखपत्र, दाखवावं लागतं, दोनदा पुरे. तीन दिवसांत आभाराचं उत्तर आलं. काही महिन्यांनी खरंच दोनदाच दाखवावं लागायला लागलं. त्यामागे कोणाची सूचना होती देव जाणे, पण खांबेट्यांना ते आपणच केलं असं वाटलं, आणि त्या दिवसापासून त्यांनी हात धुऊन सरकारच्या मागे लागायचं ठरवलं. बसस्टॉपवरच्या दोन पाट्यांऐवजी एक, लिफ्टच्या तपासणीला दोन खात्यांऐवजी एकच, ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीसाठी चार पानांऐवजी अर्धं पान. सरकार जितकं लहान तितकं शहाणं, असं त्यांचं मत. प्रत्येक सूचनेला उत्तर यायचं, आणि ती सगळी उत्तरं छापून एका निळ्या फाइलमध्ये लावलेली होती.

आणि फॉर्म. घरातला कुठलाही फॉर्म म्हणजे बाबांचा. अश्लेषाच्या शाळेचा प्रवेश, परीक्षा, कॉलेज, अमेरिकेचा व्हिसा, सगळं त्यांनी भरलं. अर्जदाराच्या जागी तिचं नाव, अक्षर त्यांचं. ती फक्त सहीपुरती. सातवीत एकदा ती तापाने झोपली होती आणि फॉर्मची मुदत संपत होती, तेव्हा तिची सहीही त्यांनीच केली. मेधाताईंनी विचारलं, अहो, असं चालतं का? ते म्हणाले, तिचं सगळं मीच तर करतो. यात कोणाला काही गैर वाटलं नाही. आपल्याकडच्या कितीतरी घरांतून असंच चालतं.

अश्लेषा अमेरिकेत नद्यांच्या पाण्याचं शास्त्र शिकली, तिथेच वाढलेल्या रोहनशी लग्न केलं, आणि आयोवात पुराच्या पाण्याची पातळी मोजणाऱ्या एका छोट्या केंद्र सरकारी कार्यालयात लागली. त्या नोकरीसाठी तिथलं नागरिकत्व घ्यावं लागलं, आणि सिंगापूरचा लाल पासपोर्ट परत करावा लागला. खांबेट्यांना ते लागलं. पण त्यांनीही एकदा आपला निळा पासपोर्ट परत केलाच होता, म्हणून ते काही बोलले नाहीत. त्यानंतर ती घरी यायची ती परदेशी पाहुणी म्हणून. विमानाच्या तीन दिवस आधी आगमनाचं कार्ड ऑनलाइन भरावं लागे, ते अर्थातच बाबा भरत. तिचा नवा पासपोर्ट नंबर त्यांना तोंडपाठ होता. सिंगापुरात कुठे राहणार, या रकान्यात आपल्या फ्लॅटचा पोस्टल कोड लिहिताना त्यांना बरं वाटायचं. तिथे प्रत्येक इमारतीचा कोड वेगळा असतो. पोरगी परदेशी असली तरी उतरणार आपल्याच घरी.

दर शनिवारी सकाळी आठ वाजता तिचा फोन यायचा. तिकडे शुक्रवारची संध्याकाळ, ती ऑफिसातून नुकती आलेली. मेधाताई पोहे करत असायच्या आणि फोन ओट्यावर डब्याला टेकवलेला असायचा. आठवडाभर साठलेलं ती ओतून टाकायची.

"आमच्याकडे एका रिपोर्टवर पाच सह्या लागतात, बाबा. पाच. चौथी सही करणारा माणूस तर वाचत पण नाही. You come here one day, you'll go mad lah."

खांबेटे हसले. पण कॅलेंडरच्या मागच्या बाजूला त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवलं: पाच सह्या. पुढच्या शनिवारी ती परत म्हणाली की सह्यांसाठी रिपोर्ट दुपारपर्यंत अडकून बसला. तेही त्यांनी लिहिलं. त्या वर्षी तिकडच्या उन्हाळ्यात, जुलैत, तिला बढती मिळाली तेव्हा त्यांनी लिटिल इंडियातून दोन किलो पेढे आणून तिथल्या मराठी मंडळात वाटले. नव्या पदाचं नाव त्यांनी पाठ केलं. त्या पदावर बसून ती नेमकं काय करते, हे विचारायचं राहून गेलं.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत शैलेंद्रने एक दुवा पाठवला. शैलेंद्र म्हणजे त्यांचा मंडळातला मित्र, बँकेतून निवृत्त झालेला आणि दिवसाला चाळीस संदेश पुढे पाठवणारा. अमेरिकेचं केंद्र सरकार लहान कसं करावं, काय बंद करावं, काय जोडावं, याच्या कल्पना नागरिकांकडून मागवणारं ते पान होतं. खाली शैलेंद्रने लिहिलं होतं, "खांबेटे, हे तुमच्यासाठीच काढलंय."

खांबेट्यांचा चेहरा उजळला. सिंगापूरचं सरकार आधीच इतकं आटोपशीर की वीस वर्षं ते तांदळातले खडे वेचत बसले होते. आणि इथे समोर एवढा मोठा ढीग. अट एकच होती, सुचवणारा अमेरिकेचा नागरिक हवा. घरात नागरिक एकच होती.

त्यांनी तिचं नाव घातलं. तिचा पत्ता घातला, तिचा ईमेल घातला, कार्यालयाचं नाव घातलं, कारण उदाहरण नेमकं असावं असा त्यांचा आग्रह. मग कॅलेंडर उलटं करून इंग्रजीत लिहिलं की या कार्यालयात एका अहवालावर पाच सह्या होतात, शेवटच्या दोन सह्यांनी कामात काही भर पडत नाही, सबब ती दोन्ही पदं रद्द करावीत. चाळीस मिनिटं लागली. तिला कटकट होते ती कमी होईल, आणि कल्पना पसंत पडली तर तिचं नावही होईल, असं त्यांच्या मनात होतं. उत्तर आलं की सांगू, तोवर गंमत राहू दे, म्हणून ते मेधाताईंनाही बोलले नाहीत.

त्या पाच सह्यांच्या शेजारी ते तीन दिवस काय, तीन मिनिटंही उभे राहिले नव्हते. हे त्यांच्या तेव्हा लक्षात कसं आलं नाही, हे मला अजून कळलेलं नाही. मुलीचं बोलणं त्यांना पुरेसं वाटलं, एवढंच म्हणता येतं.

एकोणीस दिवसांनी, बुधवारी सकाळी, अश्लेषाचा फोन आला. बुधवारी तिचा फोन कधी येत नसे. मेधाताईंनी उचलला आणि ऐकता ऐकता खुर्चीवर बसल्या. तिची नोकरी गेली होती. दोन ओळींचा ईमेल आला होता. हजारो लोकांच्या गेल्या होत्या. बढती मिळाल्यामुळे नव्या पदावर तिला जेमतेम आठ महिने झाले होते, आणि एक वर्ष पूर्ण न झालेल्यांना आधी काढत होते.

खांबेट्यांनी फोन घेतला. जे आधी विचारायला हवं होतं ते त्यांनी तेव्हा विचारलं. "नव्या जागेवर तुझं काम काय होतं गं?"

"रिपोर्टवरची पाचवी सही माझी असायची, बाबा."

ते "अच्छा" म्हणाले आणि फोन मेधाताईंकडे दिला.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. त्यांनाही ते कळत होतं. पण एक शनिवार गेला, दुसरा गेला, आणि दर शनिवारी तिचा उतरलेला आवाज ऐकून ते हवापाण्याचं बोलून फोन मेधाताईंकडे द्यायचे. आपल्या त्या चार ओळी कोणी वाचल्याही नसतील, लाखो लोकांनी लिहिलं असेल, असं ते स्वतःला समजावत. मेधाताईंना एवढंच दिसलं की पूजा झाल्यावर ते खालचा खण उघडत नाहीत. घड्याळ बंद पडलं होतं. त्यांनी विचारलं तर म्हणाले, आता काय मोजायचंय.

सहाव्या शनिवारी फोन आठऐवजी साडेआठला आला. अश्लेषाने आईशी दोन शब्द बोलून सांगितलं, बाबांना दे.

"बाबा, मी एक ईमेल वाचून दाखवते. माझ्या जंक फोल्डरमध्ये पडला होता. फेब्रुवारीतला आहे." आणि तिने शांतपणे सगळं वाचलं. आपल्या कल्पनेबद्दल आभार, आणि खाली ती कल्पना, शब्दन् शब्द. "हे तू लिहिलंस?"

"हो," खांबेटे म्हणाले. "तुझा त्रास कमी व्हावा म्हणून लिहिलं. तूच सांगत होतीस ना, पाच सह्या..."

"मी त्रास सांगत नव्हते, बाबा. मी नुसतं बोलत होते. घरी बोलतात तसं."

ओट्याशी मेधाताई हातात कालथा धरून उभ्या होत्या. गॅस त्यांनी बंद केला.

"माझी नोकरी त्याने गेली असं मी म्हणत नाही," अश्लेषा म्हणाली. "ते कोणी उघडूनही बघितलं नसेल. पण ऑफिसातले आम्ही नऊ जण मिळून अपील करत होतो, की आमची पदं गरजेची आहेत. आणि माझ्याच नावाने लिहिलेलं आहे की ती गरजेची नाहीत. माझ्या ईमेलवरून, माझ्या पत्त्यावरून. मी त्यांना काय सांगू? माझ्या बाबांनी लिहिलं? I'm thirty-one, बाबा. मी अपीलातून माझं नाव काढून घेतलं. माझ्यामुळे त्यांचं बिघडायला नको."

"मी त्यांना कळवतो. चूक माझी आहे असं लिहून देतो."

"पाचवी सही काय असते ते तुला माहितीये?" तिने त्यांचं बोलणं ऐकलं नसावं. "नदीच्या वरच्या अंगाला एक रिटायर्ड पोस्टमन राहतो. रोज सकाळी तो पायऱ्या उतरून स्वतः पाणी बघतो. मी त्याला फोन करायचे. मशीनचा आकडा आणि त्याचा आकडा जुळला की सही करायची. मागच्या वर्षी दोनदा जुळला नाही. मशीनमध्ये गाळ अडकला होता आणि पाणी दोन फूट वर होतं. ते कुठल्याच कागदावर नाही, कारण फोन करायचं माझं मीच ठरवलं होतं. मला वाटायचं, हे ऐकून तुला आवडेल. तुझा तो डब्यांवर अंगठा दाबणारा म्हातारा आठवेल. मी वाट बघत होते, तू कधीतरी विचारशील म्हणून."

खांबेट्यांना रडू येत होतं आणि ते मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी फोन कानापासून लांब धरला. तिकडे तिला वाटलं, बाबा ऐकतच नाहीयेत. तिने फोन ठेवला.

त्या दुपारी त्यांनी ते पान पुन्हा उघडलं. पाठवलेली कल्पना मागे घ्यायची सोय त्यात कुठेच नव्हती. मग त्यांनी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवरून सविस्तर पत्र लिहिलं, की सदर सूचना माझी आहे, मुलीचा तिच्याशी संबंध नाही, मी अमेरिकेचा नागरिक नाही, आणि मी ते काम न पाहता लिहिलं. त्याची प्रत अश्लेषालाही पाठवली. तीन दिवस थांबले, मग दहा, मग महिना. वीस वर्षांत सरकारला लिहिलेल्या त्यांच्या पत्राला उत्तर आलं नाही असं हे पहिल्यांदाच घडत होतं. अश्लेषाचंही आलं नाही. निळी फाइल त्यांनी कपाटाच्या माथ्यावर टाकून दिली. त्यांच्या ब्लॉकखाली, म्हणजे इमारतीच्या तळाशी, नवी सूचनापेटी लागली तेव्हा शैलेंद्रने चिडवलं, काय खांबेटे, पहिलं पत्र तुमचंच ना? ते ऐकून न ऐकल्यासारखं करून लिफ्टकडे गेले.

शनिवारचे फोन चालू राहिले, पण ते मेधाताईंच्या मोबाइलवर यायचे, आणि त्या आतल्या खोलीत जाऊन बोलायच्या. खांबेटे हॉलमध्ये पोहे घेऊन बसायचे. दाराआडून मायलेकींचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. कधी आतून हसू ऐकू आलं की त्यांना हायसं वाटायचं आणि हातातला चमचा तसाच थांबायचा. मेधाताई बाहेर आल्या की ते विचारायचे, बरी आहे ना? त्या म्हणायच्या, बरी आहे. बापलेकींमध्ये त्यांनी कधी मध्यस्थी केली नाही. एकदाच, भांडी आवरताना, त्या म्हणाल्या, "अहो, तिने काय करायला हवं होतं? तुमच्यासमोर तीन दिवस काम करून दाखवायचं?" मग त्यांनाच वाईट वाटलं, आणि त्यांनी खांबेट्यांच्या चहात न विचारता साखर जास्त घातली.

ऑक्टोबरात मेधाताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. अश्लेषा येणार होती, तीन आठवड्यांसाठी. हे ऐकल्यापासून खांबेट्यांच्या अंगात जीव आला. तिच्या खोलीतला पंखा त्यांनी स्टुलावर चढून पुसला. सेम्बावांगच्या बाजारातून तिला आवडणारी लहान केळी आणली आणि ती आधीच पिकून गेली म्हणून पुन्हा नवी आणली. तिच्याशी काय बोलायचं, हेही ठरवलं. सुरुवातीला काहीच बोलायचं नाही. नुसतं विचारायचं, तो पोस्टमन कसा आहे, आता त्याला फोन कोण करतं. आणि ती सांगेल ते शेवटपर्यंत ऐकायचं. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच ते न मोजता कोणाच्या तरी शेजारी बसायची तयारी करत होते.

विमानाला तीन दिवस उरले त्या सकाळी पूजा झाल्यावर त्यांनी खालचा खण उघडला आणि घड्याळाला किल्ली दिली. मग लॅपटॉप उघडून आगमनाचं कार्ड काढलं. नाव भरलं, जन्मतारीख भरली, पासपोर्ट नंबर न बघता भरला. आईच्या ऑपरेशनसाठी, असं कारण निवडलं. राहण्याच्या पत्त्यात स्वतःचा पोस्टल कोड घातला. आता फक्त विमानाचा नंबर राहिला होता.

"अगं, तिला विमानाचा नंबर विचारतेस का?" त्यांनी हाक मारली. "कार्ड भरायचंय."

मेधाताई भिंतीला धरून हळूहळू बाहेर आल्या. त्यांनी आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग खांबेट्यांकडे.

"तिने भरलंय कार्ड. काल रात्रीच."

"स्वतः?"

"हो."

खांबेट्यांनी मान हलवली. आता मोठी झाली, असं काहीतरी ते पुटपुटले. तरी त्यांचा हात माउसवरच होता.

"पत्ता बरोबर घातला ना आपला? ब्लॉक नंबर बदललेला नाही, पण मागच्या खेपेला..."

"क्षिप्राचा घातलाय," मेधाताई म्हणाल्या. "तिच्याकडे उतरणार आहे. दिवसा येईल माझ्याजवळ."

क्षिप्रा म्हणजे अश्लेषाची शाळेपासूनची मैत्रीण. स्टेशनजवळच्या कॉन्डोत, म्हणजे एका खाजगी सोसायटीत, राहायची, चालत दहा मिनिटं. खांबेट्यांनी तो रस्ता शेकडो वेळा मोजला होता, कारण शाळेच्या दिवसांत संध्याकाळी अश्लेषाला तिथून आणायला तेच जायचे.

एकेका रकान्यातलं त्यांनी खोडत आणलं, नाव सगळ्यात शेवटी.

"क्षिप्राचा पोस्टल कोड तिला माहीत होता का?" त्यांनी विचारलं.

मेधाताई त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. त्यांनी खांबेट्यांच्या हातावर हात ठेवला.

"विचारून घेतला असेल," त्या म्हणाल्या.